कल्चरचा रिपोर्ट ईएमआरमध्ये विस्कटतोय? सोप्या तपासणीपासून सुरुवात करा

युरिन कल्चरमध्ये, म्हणजे लघवीच्या नमुन्यातून जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, दोन जंतू निघाले की वॉर्डातून फोन येणार, हे आता मला पाठ झालंय. लॅबच्या पडद्यावर रिपोर्ट नीट असतो. वर ई. कोलाय, त्याच्याखाली त्याची औषधं. मग एन्टरोकॉकस फीकॅलिस, त्याच्याखाली त्याची. ईएमआरमध्ये, म्हणजे डॉक्टर बघतात त्या संगणकातल्या रुग्णनोंदीत, मात्र दोन्ही जंतू एकाखाली एक, आणि खाली सगळ्या औषधांची एकच लांबलचक यादी. सिप्रोफ्लॉक्सासिन दोनदा, एका ओळीत ‘एस’ (जंतू दाद देतो) आणि दुसऱ्या ओळीत ‘आर’ (दाद देत नाही). कुठलं कोणाचं, हे डॉक्टरांनी अंदाजाने ठरवायचं.

लॅबचं सॉफ्टवेअर, म्हणजे एलआयएस, आणि ईएमआर यांच्यामधला दुवा, म्हणजे इंटरफेस, सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. तक्रार दर वेळी नव्या शब्दांत येते, पण मुळाशी बहुतेकदा एकच गोष्ट सापडते: रिपोर्टच्या ओळी पोचतात, ओळींमधलं नातं वाटेत गळतं. हिमोग्लोबिनला नातं लागत नाही. एक नाव, एक आकडा, एक एकक, संपलं. कल्चरमध्ये नमुन्याखाली जंतू, जंतूखाली औषधं, औषधापुढे एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) आणि तिचा अर्थ, अशा पायऱ्या असतात. शिवाय हे सगळं एका दिवसात तयार होत नाही. ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आधी, मग जंतूचं नाव, मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठल्या औषधाला तो दाद देतो ते, आणि ब्लड कल्चर असेल तर ‘वाढ नाही’ असं शेवटचं सांगायला सहसा पाच दिवस जातात. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीत मी एकच प्रश्न विचारतो: ही ओळ नेमकी कोणाची?

हे सगळं एचएल-७ च्या (आरोग्यप्रणालींनी एकमेकींना माहिती पाठवायच्या प्रमाणाच्या) आवृत्ती २ मधल्या ‘ओआरयू’, म्हणजे निकालाच्या, मेसेजला धरून लिहिलंय, कारण लॅबचे निकाल आजही मोठ्या प्रमाणात त्यातूनच जातात. एचएल-७ चंच नवं प्रमाण एफएचआयआर वापरत असाल तर फील्डची नावं बदलतील, प्रश्न तेच राहतील. खऱ्या मेसेजमध्ये अक्षरं रोमन असतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून नमुने देवनागरीत दिलेत.

लक्षणं

यातलं कुठलं दिसतंय ते आधी लिहून काढा. एकाच वेळी दोन-तीन लक्षणं असू शकतात, आणि ती एकत्र पाहिली तर कारण लवकर सापडतं.

– दोन किंवा जास्त जंतू असले की औषधांची यादी एकत्र होते. एकच जंतू असला तर सगळं ठीक.
– ई. कोलाय किंवा क्लेबसिएलासमोर व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड दिसतं. हे जंतू ग्रॅम-निगेटिव्ह आहेत, या औषधांना ते मुळातच दाद देत नाहीत, लॅब ती त्यांच्यासाठी लावतच नाही. अशी एक ओळ दिसली तरी जोडी तुटली आहे असं धरून चाला.
– ‘२४ तासांत वाढ नाही’ हा प्राथमिक रिपोर्ट तसाच राहतो, जंतू सापडल्यानंतरसुद्धा.
– लॅबने काढून टाकलेला जंतू ईएमआरमध्ये अजून आहे.
– एमआयसीमधलं ‘≤’ किंवा ‘≥’ गायब, किंवा एमआयसीचा रकानाच रिकामा.
– वसाहतींची संख्या ‘१०’ अशी दिसते.
– जंतूचं नाव फक्त शेऱ्यात मजकूर म्हणून येतं. त्यावर शोध घेता येत नाही, संसर्ग नियंत्रणाच्या यादीत तो रुग्ण येत नाही.
– एखाद्याच औषधाची ओळ किंवा एखाद्याच जंतूचा अख्खा रिपोर्ट पोचत नाही.
– लॅबने झाकून ठेवलेली औषधं ईएमआरमध्ये उघडी दिसतात.

हात लावण्याआधी

ज्या रुग्णाचा रिपोर्ट विस्कटलेला सापडला, त्याच्या वॉर्डला आधी फोन करा आणि लॅबच्या पडद्यावरचा रिपोर्ट वाचून दाखवा. समोरच्याला तो परत वाचायला सांगा. वेळ आणि ऐकणाऱ्याचं नाव लॅबच्या वहीत नोंदवा. बिघाड शोधायला दोन तास लागतील किंवा दोन दिवस, तेवढ्या वेळात कोणीतरी त्या यादीवरून अँटिबायोटिक ठरवणार असतं.

१. दोन पडदे शेजारी-शेजारी

याला पैसे लागत नाहीत, परवानगीही बहुधा लागत नाही. एकच नमुना क्रमांक घ्या, एलआयएस आणि ईएमआर दोन्ही उघडा आणि ओळ-ओळ मिळवून बघा. मग ईएमआरमध्ये तोच रिपोर्ट दुसऱ्या दृश्यात उघडा. बऱ्याच ईएमआरमध्ये कल्चरसाठी वेगळा ‘मायक्रोबायोलॉजी’ टॅब असतो आणि सगळ्या तपासण्यांचा एक तक्ताही असतो. तक्ता मुळात हिमोग्लोबिन-क्रिएटिनिनसाठी बनवलेला असतो. त्यात कल्चर ओतलं की पायऱ्या सपाट होतात. मायक्रोबायोलॉजीच्या टॅबमध्ये नीट आणि तक्त्यात विस्कटलेला दिसला, तर मेसेज बरोबर आहे आणि चूक दाखवण्यात आहे. मग इंटरफेस उघडायची गरज नाही. ईएमआरची मांडणी सांभाळणाऱ्यांना सांगा आणि वॉर्डांना कुठला टॅब बघायचा ते कळवा.

मी ही पायरी एकदा ओलांडून पुढे गेलो होतो. दिवसभर मेसेज चाळले, एकही चूक सापडली नाही. संध्याकाळी ज्या डॉक्टरांनी तक्रार केली होती त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, तेव्हा कळलं की ते तक्ताच उघडून बघत होते. तेव्हापासून तक्रार करणाऱ्याच्याच लॉगिनमधून बघतो. भूमिकेनुसार दृश्यं बदलतात.

२. अडकलेले मेसेज आणि पोच

इंटरफेस इंजिनमध्ये, म्हणजे एलआयएसचे मेसेज ईएमआरकडे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अडकलेल्या मेसेजची रांग असते, ती बघा. प्रत्येक मेसेजला समोरून पोच येते: ‘एए’ म्हणजे स्वीकारला, ‘एई’ म्हणजे त्यात चूक आहे, ‘एआर’ म्हणजे नाकारला. रिपोर्ट पोचलाच नसेल तर उत्तर बहुधा इथेच मिळतं.

मात्र ‘एए’ बघून निश्चिंत होऊ नका. अनेक प्रणाली मेसेज हातात पडताक्षणी ‘एए’ देतात आणि तो उलगडायचं काम नंतर करतात. उलगडताना एक ओळ टाकून दिली तरी पाठवणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून ईएमआरच्या बाजूचीही चुकांची यादी मागून घ्या. ती कोणीतरी रोज बघायची असते, आणि नेमकं तेच कोणाकडे सोपवलेलं नसतं.

डिस्चार्जनंतर आलेले अंतिम रिपोर्टही याच रांगेत सापडतात. ब्लड कल्चर पाचव्या दिवशी पूर्ण होतं, रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी गेलेला असतो, त्याची भेट ईएमआरमध्ये बंद झालेली असते आणि मेसेज दाराशीच थांबतो. टीबीच्या कल्चरमध्ये तर हे हमखास होतं, कारण त्याला आठवडे लागतात. दोन नोंदणी क्रमांक एकत्र केलेले रुग्णही इथेच अडकतात.

३. ‘१०’ वसाहती, आणि खुणांनी कापलेला मजकूर

इथून पुढे कच्चा मेसेज उघडावा लागतो. इंजिनमध्ये तो नुसता वाचायचा असतो, बदलायचा नसतो.

एचएल-७ मध्ये काही खुणांना ठरलेलं काम आहे. ‘|’ ने फील्ड वेगळी होतात, ‘^’ ने फील्डमधले भाग, ‘&’ ने उपभाग, ‘~’ ने पुनरावृत्ती. आता लॅबमधल्या तंत्रज्ञाने वसाहतींची संख्या सवयीप्रमाणे ‘> १०^५ सीएफयू/मिली’ अशी टाइप केली. ईएमआरला ‘^’ दिसलं, त्याने तिथे फील्ड तोडली, पहिला भाग ठेवला आणि पडद्यावर ‘> १०’ उरलं. एक लाखाच्या वरचा आकडा दहावर आला. युरिन कल्चरमध्ये लाखाचा अर्थ संसर्ग असा घेतला जातो. दहा वाचून डॉक्टर तो रिपोर्ट बाजूला ठेवतील आणि त्यात त्यांची काहीच चूक नसेल.

शेऱ्यांमध्ये ‘&’ आलं की असंच होतं. वाक्य अर्ध्यात कापलं जातं.

यासाठी प्रमाणातच सोय आहे: मजकुरात ‘^’ हवं असेल तर ‘\एस\’, ‘&’ हवं असेल तर ‘\टी\’, ‘|’ साठी ‘\एफ\’ असं लिहून पाठवायचं असतं. हे काम एलआयएसने आपोआप करायला हवं. करत नसेल तर ती सेटिंग शोधा. ती मिळेपर्यंत लॅबमध्ये ‘१०००००’ असा पूर्ण आकडा लिहायचा नियम करा, त्याला खर्च नाही.

४. ‘≤’ कुठे गेलं

मेसेजची प्रत्येक ओळ म्हणजे एक सेगमेंट, आणि ओबीएक्स हा एका निकालाचा सेगमेंट. त्याच्या दुसऱ्या फील्डमध्ये किमतीचा प्रकार असतो. ‘एनएम’ म्हणजे निव्वळ आकडा. एमआयसी मात्र अनेकदा निव्वळ आकडा नसते: ‘≤०.२५’, ‘≥४’, किंवा कोट्रायमोक्साझोलसारख्या जोड-औषधाची ‘≤२/३८’. ‘एनएम’ लिहून हे पाठवलं तर समोरची प्रणाली एक तर किंमत टाकून देते, नाही तर चिन्ह काढून आकडा ठेवते. ‘≥४’ चं ‘४’ झालं तर एमआयसी नेमकी चार आहे असं वाचलं जातं, आणि ती सोळाही असू शकते.

यासाठी ‘एसएन’ हा प्रकार आहे, त्यात चिन्ह आणि आकडे वेगवेगळ्या भागांत जातात: ‘<=^०.२५’, किंवा ‘<=^२^/^३८’. ईएमआरला ‘एसएन’ समजत नसेल तर ‘एसटी’ म्हणजे साधा मजकूर पाठवा. आलेख काढता येणार नाही, पण चिन्ह तरी शाबूत राहील. या दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी विचार न करता चिन्ह वाचवतो.

‘एस’, ‘आय’, ‘आर’ हा अर्थ आठव्या फील्डमध्ये जायला हवा. काही लॅब तो किमतीच्याच फील्डमध्ये एमआयसीला चिकटवून पाठवतात, मग ईएमआरला त्यातून ना आकडा काढता येतो ना अर्थ. आणखी एक गोष्ट इथेच बघून घ्या. ईएमआरच्या तक्त्यात फक्त या तीनच अक्षरांना जागा असेल तर सीएलएसआय या अमेरिकी मानकसंस्थेचं ‘एसडीडी’, म्हणजे मोठ्या डोसला दाद देणारा, हे रिकामं दिसतं. एन्टरोबॅक्टेरेल्समध्ये (ई. कोलाय, क्लेबसिएला यांच्या गटात) सेफेपिमला ते २०१४ पासून आहे. आणि लॅब युकास्ट हे युरोपीय मानक पाळत असेल तर २०१९ पासून तिथे ‘आय’ चा अर्थ ‘जास्त मात्रेला दाद देतो’ असा आहे. ईएमआर त्यासमोर ‘मध्यम’ छापत असेल तर डॉक्टर चालणारं औषध टाळतील.

५. कोडची मॅपिंग

एकच औषध किंवा एकच जंतू गायब होत असेल तर इथे या. एलआयएसमधले कोड त्या लॅबचे घरचे असतात. वाटेत ते प्रमाण कोडमध्ये बदलतात: तपासणीसाठी लॉइंक, जंतूसाठी स्नोमेड सीटी, या दोन्ही आंतरराष्ट्रीय कोडयाद्या. युरिन कल्चरचा लॉइंक ६३०-४, ब्लड कल्चरचा ६००-७, ई. कोलायचा स्नोमेड ११२२८३००७. लॅबने पॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र तपासायच्या औषधांच्या संचात, नवं औषध घातलं आणि मॅपिंगच्या तक्त्यात ओळ घालायची राहिली, की ते औषध वाटेत हरवतं.

जंतूंची नावंही बदलतात. एन्टरोबॅक्टर एरोजेनिस हा २०१७ पासून क्लेबसिएला एरोजेनिस झाला, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल आता क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल आहे. ओळख पटवणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर अद्ययावत झालं की दुसऱ्या दिवशी नवी नावं यायला लागतात आणि मॅपिंगला ती ओळखता येत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: लॅबमध्ये गेल्या पंधरवड्यात यंत्र, पॅनेल किंवा यादी यांत काही बदललं का? निम्म्या वेळा उत्तर ‘हो’ असतं आणि ते सांगायचं असतं हे कोणाला माहीत नसतं.

औषधाचे कोड भरताना पद्धत बघा. सिप्रोफ्लॉक्सासिनचा १८५-९ हा एमआयसीसाठी आहे, १८९०६-८ हा पद्धत न सांगणारा. डिस्क, म्हणजे औषधाची चकती, लावून तिच्याभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचे मिलिमीटर मोजले असतील आणि कोड एमआयसीचा लावला, तर ३० मिलिमीटरचं वर्तुळ ‘एमआयसी ३०’ म्हणून वाचलं जाईल, आणि भरपूर दाद देणारा जंतू रेझिस्टंट दिसेल.

मॅपिंग न सापडलेला कोड गुपचूप ‘इतर’ मध्ये ढकलणारी सेटिंग असेल तर ती बंद करा. न ओळखलेला कोड अडकून पडलेला बरा. अडकला तर कोणाच्या तरी नजरेला येतो.

६. जंतू आणि औषधाची जोडी

आता मूळ दुखणं. दोन जंतूंचा एक बरोबर मेसेज असा दिसतो (ओबीआर ही ऑर्डरची ओळ, तिच्याखाली तिच्या निकालांच्या ओबीएक्स ओळी; ‘सीडब्ल्यूई’ म्हणजे कोड असलेली किंमत; मधली अनेक फील्डं गाळली आहेत, त्या जागी टिंबं दिलीत):

ओबीआर|१||२६१७|६३०-४^युरिन कल्चर|…
ओबीएक्स|१|सीडब्ल्यूई|६३०-४^युरिन कल्चर|१|ई. कोलाय||||||एफ
ओबीएक्स|२|सीडब्ल्यूई|६३०-४^युरिन कल्चर|२|एन्टरोकॉकस फीकॅलिस||||||एफ
ओबीआर|२||२६१७-१|१८७६९-०^सेन्सिटिव्हिटी|…|६३०-४^१|…|^२६१७
ओबीएक्स|१|एसएन|१८५-९^सिप्रोफ्लॉक्सासिन|१|<=^०.२५|मायक्रोग्रॅम/मिली||एस|||एफ
ओबीआर|३||२६१७-२|१८७६९-०^सेन्सिटिव्हिटी|…|६३०-४^२|…|^२६१७
ओबीएक्स|१|एसएन|१८५-९^सिप्रोफ्लॉक्सासिन|१|>=^४|मायक्रोग्रॅम/मिली||आर|||एफ

तीन जागा बोट ठेवून बघा.

पहिली, जंतूच्या ओळीतलं चौथं फील्ड, ओबीएक्स-४. वर ते ‘१’ आणि ‘२’ आहे. हा त्या जंतूचा आयसोलेट क्रमांक (आयसोलेट म्हणजे नमुन्यातून वेगळा काढलेला जंतू). तो रिकामा असेल किंवा दोन्हीकडे ‘१’ असेल, तर ईएमआरच्या दृष्टीने ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत, आणि बहुतेक ईएमआर दुसरं ठेवून पहिलं पुसतं.

दुसरी, सेन्सिटिव्हिटीच्या ओबीआरमधलं सव्विसावं फील्ड. ‘६३०-४^१’ म्हणजे ‘मी त्या युरिन कल्चरच्या पहिल्या जंतूची’. इथला आकडा जंतूच्या ओबीएक्स-४ शी जसाच्या तसा जुळला पाहिजे. एका बाजूला ‘१’ आणि दुसऱ्या बाजूला ‘०१’ एवढ्या फरकानेही जोडी तुटलेली मी पाहिली आहे.

तिसरी, एकोणतिसावं फील्ड, मूळ ऑर्डरचा क्रमांक. एका नळीतून एकच ऑर्डर असेल तर हे रिकामं असूनही काम चालतं, म्हणून चाचणीत ही चूक पकडली जात नाही. एकाच वेळी रक्ताच्या दोन बाटल्या आल्या की ती वर येते.

या तीन जागा लॅबकडून निघताना बरोबर आणि इंजिनमधून बाहेर पडताना चुकीच्या असतील तर बिघाड इंजिनच्या रूपांतरात आहे. दोन्हीकडे बरोबर असून ईएमआरमध्ये विस्कटत असेल तर ईएमआर ही फील्डं वाचतच नाही. लॅबकडूनच रिकामी निघत असतील तर एलआयएसच्या विक्रेत्याकडे जावं लागेल. तिन्ही ठिकाणांवरचा तोच मेसेज हाताशी ठेवा. त्याच्याशिवाय प्रत्येक बाजू दुसरीकडे बोट दाखवते.

औषधाच्या ओळी जंतूच्या खाली लगेच येतात, म्हणून नुसत्या क्रमावरून जोडी लावायची, असा सोपा उपाय कोणीतरी सुचवेल. तो घेऊ नका. क्रमाची हमी कोणी देत नाही, आणि सुधारित मेसेजमध्ये फक्त दुसऱ्या जंतूच्या ओळी आल्या की त्या पहिल्याला जाऊन चिकटतात.

७. स्थिती, आणि काढून टाकलेला जंतू

ओबीआर-२५ आणि ओबीएक्स-११ या दोन्हींत स्थिती असते: ‘पी’ प्राथमिक, ‘एफ’ अंतिम, ‘सी’ दुरुस्त. फक्त ओबीएक्स-११ मध्ये आणखी दोन: ‘डी’ काढून टाकलेली ओळ, ‘डब्ल्यू’ मुळातच चुकीची, उदाहरणार्थ दुसऱ्याच रुग्णाची. ‘वाढ नाही’ हटत नसेल तर दोन गोष्टी बघा. ती ओळ आणि नंतर आलेला जंतू यांचे लॉइंक आणि ओबीएक्स-४ वेगवेगळे आहेत का? असतील तर नवी ओळ जुनीवर बसणार नाही, शेजारी बसेल. आणि लॅब दर वेळी पूर्ण रिपोर्ट पाठवते की फक्त बदललेल्या ओळी? दोन्ही पद्धती चालतात. एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने दुसरी धरली की गोंधळ होतो. मी स्वतः कल्चरसाठी दर वेळी पूर्ण रिपोर्ट पाठवण्याच्या बाजूचा आहे, ईएमआरने जुना अख्खा बाजूला करून नवा ठेवायचा आणि जुना इतिहासात दिसला पाहिजे.

या प्रश्नाचं एक प्रकरण मी विसरणार नाही. ब्लड कल्चरमध्ये दुसऱ्या दिवशी दोन आयसोलेट होते. एक नंबरला कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ, दोन नंबरला क्लेबसिएला न्यूमोनी. तिसऱ्या दिवशी मायक्रोबायोलॉजिस्टनी स्टॅफ हा त्वचेवरून आलेला आहे असं ठरवलं आणि तो एलआयएसमधून काढला. एलआयएसने रांग नीट लावायची म्हणून क्लेबसिएलाला एक नंबर दिला. नवा मेसेज गेला. ईएमआरने एक नंबरच्या जागी क्लेबसिएला लिहिलं, पण त्या नंबरखाली आधीपासून असलेली औषधं तशीच ठेवली, कारण ती काढायला कोणी सांगितलं नव्हतं. क्लेबसिएलाच्या पॅनेलमध्ये नसलेली व्हँकोमायसिन आणि लिनेझोलिड, दोन्ही ‘एस’, आता क्लेबसिएलाच्या नावावर होती. निवासी डॉक्टरांनी फोन करून विचारलं, “क्लेबसिएलाला व्हँकोमायसिन सेन्सिटिव्ह कसं असेल?” त्यांनी विचारलं म्हणून ते पकडलं गेलं. स्टॅफच्या यादीतलं जेन्टामायसिन असं उरलं असतं तर कोणाला शंकाही आली नसती.

तेव्हापासून दोन नियम. दिलेला आयसोलेट क्रमांक त्या नमुन्यापुरता कायमचा. जंतू काढला तर क्रमांकही निवृत्त होतो. आणि काढलेल्या जंतूची व त्याच्या प्रत्येक औषधाची ओळ ‘डी’ लावून पाठवायची. एलआयएसला हे जमत नसेल तर त्यात काढण्याऐवजी ‘दूषित, दखल नको’ अशी जंतूची नोंद ठेवायला लॅबला सांगा.

८. झाकलेली औषधं

लॅब मुद्दाम काही औषधं डॉक्टरांना दाखवत नाही. साधं औषध चालत असेल तर मोठं झाकायचं, म्हणजे ते विनाकारण वापरलं जाणार नाही. एलआयएसच्या छापील रिपोर्टमध्ये हा नियम लागतो, पण इंटरफेस थेट मूळ तक्त्यातून ओळी उचलत असेल तर तो त्याला वळसा घालून जातो. झाकलेल्या ओळी लॅबमधून निघण्याआधीच गाळल्या गेल्या पाहिजेत. ‘ईएमआर लपवेल’ यावर विसंबू नका. ईएमआरमध्ये दृश्यं अनेक असतात आणि एखादं राहून जातंच.

कधी थांबायचं

एका रुग्णाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर गेल्याचं एकदाही दिसलं तर शोध थांबवा. कल्चरचा तो दुवा बंद करायला सांगा, लॅबप्रमुखांना कळवा, छापील रिपोर्ट आणि फोनवर या. एकाहून जास्त रुग्णांमध्ये जोडी तुटल्याचं दिसलं तरी तसंच, कारण मग न पाहिलेलेही असणार, आणि त्यांची यादी काढायचं काम लॅब व रुग्णालयाने मिळून करायचं आहे.

ब्रेकपॉइंट (एमआयसी कितीपर्यंत ‘एस’ आणि कुठून ‘आर’ ती सीमा), ‘एस-आय-आर’ चा अर्थ, कुठलं औषध झाकायचं, कुठला जंतू दूषित धरायचा, हे मायक्रोबायोलॉजिस्टच ठरवतील. मॅपिंगच्या तक्त्यात एखादा आकडा बदलून तुम्ही तो निर्णय नकळत घेऊ शकता, तेव्हा शंका आली की विचारा.

सहाव्या आणि सातव्या तपासणीत चूक सापडली आणि ती सेटिंगमध्ये दिसत नसेल, तर इंजिनच्या रूपांतराची कोडलिपी स्वतः बदलू नका. तिथे एकाच ठिकाणाहून सगळ्या विभागांचे निकाल जात असतात. इंटरफेसचा अनुभवी माणूस बोलवा. लाइव्ह प्रणालीत कच्चा मेसेज हाताने सुधारून परत सोडणं कधीच करू नका, एका रुग्णासाठीसुद्धा. जुने शेकडो रिपोर्ट एकदम परत पाठवायची वेळ आली तर तेही त्यांच्याच देखरेखीत: प्रत्येक जुना निकाल ‘नवा’ म्हणून सूचना पाठवत सुटला तर त्या गर्दीत आजचा खरा धोक्याचा निकाल बुडतो.

त्यांना बोलावताना एकच नमुना तीन ठिकाणांहून द्या: एलआयएसमधून निघालेला मेसेज, इंजिनमधून निघालेला, आणि ईएमआरच्या पडद्याचं चित्र. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख काढून टाका. नमुना क्रमांक बदलायचा असेल तर तिन्हीकडे सारखाच बदला, नाहीतर जोडी जुळते की नाही हे त्यांना दिसणारच नाही.

दुरुस्तीनंतर

टेस्ट सर्व्हरवर हे नमुने दर वेळी चालवा, दुरुस्ती कितीही छोटी असली तरी: वाढ नाही; आधी वाढ नाही, मग वाढ; एक जंतू; दोन जंतू; दोनपैकी पहिला काढलेला; अंतिम झाल्यावर दुरुस्त केलेला; यीस्ट, ज्यात औषधांचं पॅनेलच वेगळं असतं; डिस्चार्जनंतर अंतिम झालेला; शेऱ्यात ‘&’ आणि ‘^’ असलेला. आणि एक असा, ज्यात दोन्ही आयसोलेट ई. कोलायच आहेत, वसाहती दिसायला वेगळ्या आणि औषधांचे निकालही वेगळे. जोडी क्रमांकाऐवजी नावावरून लावणारी प्रणाली बाकी सगळ्या नमुन्यांत पास होते आणि इथे अडते. हा नमुना लॅबला तयार करून मागा. वर्षातून काही वेळा तो त्यांच्याकडे खराखुरा येतोच.